वरवरचें पाणी

गेल्या वर्षीं मे ते सप्टेंबर टोरांटोनजीक चिरंजीवांकडे राहण्याचा योग आला. घरापुढें हिरवळीचा लहानसा तुकडा होता. रिकामें बसण्याची संवय नसल्यानें त्याची जोपासना मीं आपण होऊन अंगावर घेतली. नित्य सायंकाळीं थोडें पाणी शिंपावें व दर आठवड्यास गवत जमिनीबरोबर कापावें, असा क्रम ठेविला. जुलैच्या उन्हांत तें सारें पिवळें पडलें. शेजारचें मात्र हिरवें! सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत, त्याचेंच मला अधिक वाईट वाटलें.

शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं फावड्यानें एक ढेंकूळ उचलून दाखविलें. मुळें दोन बोटेंहि खोल गेलीं नव्हतीं. रोज वरच्यावर पाणी मिळत असतां त्यांनीं खालीं कशाला जावें?

तिकडील गवतांची प्रकृति आपल्या दूर्वेहून निराळी. दूर्वा उन्हांत फोफावते व थंडींत करपते. केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू हीं गवतें वसंतांत व शरदांत वाढतात आणि कडक उन्हाळ्यांत निद्रिस्त होतात. म्हणून पिवळें गवत मेलेलेंच असतें असें नाहीं. पाणी आठवड्यांतून एकदां-दोनदां, सकाळीं, एकंदर सुमारें १ इंच द्यावें. हिरवळीवर रिकामा डबा ठेविला म्हणजे माप कळतें. उंची ३ इंच राखावी व एका वेळीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापूं नये. उंच पात्यांच्या सावलींत माती थंड राहते व तणास उजेड मिळत नाहीं. हें महत्त्वाचें, कारण ऑन्टारिओ प्रांतांत २००९ पासून केवळ शोभेच्या हिरवळीवर बहुतेक रासायनिक तणनाशकें मारण्यास बंदी आहे. कापलेलें बारीक गवत तेथेंच पडूं द्यावें. तेंच खत होतें.

खरें काम ऑगस्टअखेरीस. तेव्हां जमिनींत छिद्रें पाडून नवें बीं पेरावें. बर्फापूर्वीं गळलेलीं पानें झाडून काढावीं व शेवटची कापणी किंचित् आंखूड करावी. नाहीं तर बर्फाखालीं बुरशी चढते. दहिंवर गोठलेल्या गवतावर पाय देऊं नये, पातीं मोडतात.

मीं बीं पेरून परतलों. यंदा मे महिन्यांत छायाचित्र आलें: हिरवळ दाट होती. आनंद झालाच, परंतु पस्तीस वर्षांचे वर्गहि डोळ्यांपुढें आले. मुलाला प्रश्न पडण्यापूर्वींच उत्तराचें पाणी मीं किती वेळां शिंपडलें असेल! त्या मुलांचीं मुळें किती खोल गेलीं असतील, कोण जाणे.