कोयत्याची मजुरी कोयत्याच्या खात्यात



एरवी या पानावर आम्ही लागणीच्या तारखा, बेणे आणि खोडव्याचे खत यांवर लिहितो. या खेपेला विषय थोडा वेगळा आहे, पण तोही आपल्या फडातलाच आहे.

ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे, असे ऊस नियंत्रण आदेश १९६६ सांगतो. उशीर झाला तर शेकडा १५ व्याज. पंधरावा दिवस उजाडला की आपण गट ऑफिसात येऊन विचारतो, आणि विचारलेच पाहिजे. पण ज्याने तो ऊस तोडला त्याची मजुरी कुठे जाते, हे आपण कधी विचारले का?

मागल्या हंगामात एका फडात मोळ्या बांधणाऱ्या बाईंना आम्ही विचारले, "बाई, आतापर्यंत किती टन झाले? किती फिटले?" बाई म्हणाल्या, "ते मुकादमाला ठावं." पहाटेपासून राबणाऱ्या त्या बाईंचे नाव कुठल्याच वहीत नव्हते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयता नवऱ्याच्या नावावर!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. तिच्यात मजुरी रोख, चेकने, बँक खात्यात किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने देण्याची मुभा आहे. म्हणजे रोखीला सरसकट बंदी नाही. पण सरकार अधिसूचना काढून ठराविक आस्थापनांना फक्त चेकने किंवा खात्यात मजुरी देण्यास सांगू शकते. एकूण कपात मजुरीच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही. सारख्या कामाला स्त्री-पुरुष असा भेद करता येत नाही. आणि देणाऱ्याने मजुरी दिली नाही, तर आस्थापना ज्याची आहे त्याच्यावर जबाबदारी येते.

काही सभासद म्हणतात, "मजूर मुकादमाचे, आपला काय संबंध?" संबंध आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून वजा होतो. पैसा आपला आहे, तर तो योग्य हातात पोचला का हे बघणेही आपलेच काम आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. अधिसूचनेची वाट न बघता तोडणीची मजुरी ज्याच्या त्याच्या खात्यात गेली पाहिजे. कोयत्याचे दोन भाग करून अर्धी रक्कम बाईच्या नावाच्या खात्यात गेली पाहिजे. मुकादमाचे कमिशन त्याच्या कष्टाचे आहे. ते त्याला वेगळे, त्याच्या खात्यात द्यावे.

यात आपलाही फायदा आहे. उचल घेऊन टोळी आलीच नाही, म्हणून हाय खाल्लेले ट्रॅक्टरमालक आपल्यात आहेत. रोख रक्कम मुकादमाच्या हातात दिली, मजुरांपर्यंत किती पोचली याचा कागद नाही. मग भांडायचे कुणाशी? तीच उचल कोयत्याच्या खात्यात गेली, तर कुणी किती घेतले आणि किती फिटले, हे दोन्ही बाजूंना दिसते. मजुरालाही खोट्या बाकीची भीती राहत नाही.

अडचणी आहेत, त्या आम्ही नाकारत नाही. बैलगाडीचा कोयता स्वतंत्र असतो, त्याचे टनेज सरळ मिळते. ट्रॅक्टरच्या टोळीचे वजन मात्र एकत्र होते. तिथे दर पंधरवड्याला टोळीसमोर वाटणीचा तक्ता वाचून दाखवावा आणि त्यावर प्रत्येकाची सही किंवा अंगठा घ्यावा. खाती कुणाची बंद पडलेली, कुणाचा मोबाईल नंबर बदललेला. हे काम थळात टोळी उतरल्यावर करायचे नाही. करार होतानाच गावी जाऊन उरकायचे. हंगामात पंधरवड्याला एकदा बँकेचा माणूस अंगठ्याचे मशीन घेऊन अड्ड्यावर आला, तर मजुराचा खाडाही वाचेल.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. खाते मजुराचे आणि पासबुक, कार्ड मुकादमाच्या पेटीत, असे झाले तर सगळे कागदावरच राहील. म्हणून चिटबॉयने फडात पावती देताना बाईलाही विचारावे, "पासबुक तुमच्याजवळ आहे ना?"

रोख देण्याघेण्याची सवय जुनी आहे, पण ती मोडता येते हे महाराष्ट्राने दाखवले आहे. १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि हमालाची मजुरी मालकाने मंडळाकडे भरायची, मंडळाने हमालाला द्यायची, अशी रीत बसली. तेव्हाही "हे चालायचे नाही" म्हणणारे होतेच. बाजार काही बंद पडले नाहीत.

येत्या वार्षिक सभेत हा विषय निघावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या घामाचा दाम वेळेवर आणि पुरता मिळावा म्हणून आपण हा कारखाना उभा केला. तोच नेम तोडणी करणाऱ्याला लावायला आपण का कचरावे? पटले तर सभेत बोला. नाही पटले तर गट ऑफिसात या, बसून बोलू.

— ऊस विकास अधिकारी