वायूंचा खेळ: खेळ संपल्यावर खरा तास सुरू होतो



विज्ञानाच्या तासाला खेळ घ्यावेत की नाही, हा वाद आता जुना झाला. प्रश्न उरलाय तो खेळ संपल्यावर काय करायचं याचा. माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळाआधी मुलाने अंदाज बांधला पाहिजे, खेळताना मोजलं पाहिजे आणि खेळानंतर हा खेळ कुठे फसवतो हे सांगितलं पाहिजे. यातलं काहीच झालं नाही, तर तो तास पीटीचा झाला, रसायनशास्त्राचा नाही.

वायूंचंच उदाहरण घेऊ. आठवीत 'द्रव्याचे संघटन' पाठात मुलं शिकतात की वायूचे कण एकमेकांपासून दूर असतात आणि सतत फिरत असतात. अकरावीत बॉइल आणि चार्ल्स यांचे नियम येतात, तेही बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. मधल्या काळात डोळ्यांसमोर चित्र तयार झालं नसेल, तर मूल सूत्र पाठ करतं, गणित सोडवतं, पण दाब म्हणजे नेमकं काय हे विचारलं की गप्प बसतं. गंमत अशी, की विज्ञानाचीही वाट काहीशी अशीच होती. बॉइलने नियम मांडला 1662 मध्ये. कण भिंतीवर आपटतात म्हणून दाब तयार होतो, हे चित्र डॅनियल बर्नूलीने गणितासह मांडलं 1738 मध्ये. म्हणजे मध्ये 76 वर्षं गेली. आपल्याला हे चित्र एका तासिकेत देता येतं, आणि त्यासाठी खडू, एक बाक आणि आठ मुलं पुरतात.

खेळ असा. वर्गात किंवा अंगणात खडूने चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन आखा. एका बाजूला बाक ठेवा. आठ मुलं आत उभी करा. नियम तीनच: सरळ चालायचं, रेषेला किंवा कुणाला धडकलं की दिशा बदलायची, थांबायचं नाही. चालण्याचा वेग टाळीने ठरवायचा. बाहेरचा एक मुलगा किंवा मुलगी एका मिनिटात बाकाला किती वेळा हात लागला ते मोजेल. हे स्पर्श म्हणजे आपला दाब.

समजा 36 स्पर्श झाले. आता बाक पुढे सरकवून जागा निम्मी करायची, चार बाय दोन. पण थांबा! लगेच खेळू नका. आधी प्रत्येकाला वहीत लिहायला लावा: आता किती होतील? कुणी 36च लिहील, कारण मुलं तेवढीच आहेत. कुणी 18 लिहील, कारण जागा अर्धी झाली. कुणी 72 लिहील. आकडा लिहिला की मुलाचा त्यात जीव अडकतो, मग ते नुसतं धावत नाही, वाट बघतं. मोजल्यावर आकडा वाढलेला दिसतो, पण नेमका 72 बहुधा येत नाही. थोडा कमीच येतो. का? गर्दीत मुलं सावध होतात, हळू चालतात, एकमेकांना चुकवतात. रेणू तसं करत नाहीत. टक्कर झाली की एकाचा वेग घटेल, दुसऱ्याचा वाढेल, पण सगळ्यांचा मिळून जोर तेवढाच राहतो. म्हणून तापमान तेच ठेवून आकारमान निम्मं केलं की दाब दुप्पट होतो. मग सुई नसलेली 20 मिलीची सिरिंज द्या, तोंडावर बोट दाबून दट्ट्या 10 वर आणायला सांगा. बोटाला जे जाणवतं त्याला आता अर्थ असतो.

टाळी जलद करा, म्हणजे वायू तापवला. बाकाला हात जास्त वेळा लागतो आणि जोरातही लागतो. आता स्पर्श पूर्वीइतकेच हवे असतील तर? मुलंच म्हणतात, बाक मागे न्या. हा चार्ल्सचा नियम त्यांनी आपल्या पायांनी शोधला. इथे एक गैरसमज मात्र हटकून निघतो: 'तापल्यावर रेणू फुगतात.' मुलांना एकच विचारा, जलद टाळीत तुम्ही जाडे झालात का? हशा पिकतो आणि गैरसमज कायमचा जातो.

आता खेळ कुठे फसवतो ते सांगायची वेळ. पहिली गोष्ट वेगाची. खोलीच्या तापमानाला हवेतले रेणू सरासरी सेकंदाला 500 मीटरच्या आसपास वेगाने धावतात, आवाजापेक्षाही जलद. दुसरी अंतराची. हवेतल्या दोन रेणूंमधलं सरासरी अंतर रेणूच्या आकाराच्या सुमारे दहापट असतं. मूल अर्धा मीटर रुंद धरलं तर पुढचं मूल पाच मीटरवर हवं. वर्गात तेवढी जागाच नाही! आमच्या कुणकेश्वरच्या मुलांना मात्र हे सांगायला वेळ लागत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेत दर्शनाची खेटून पुढे सरकणारी गर्दी म्हणजे द्रव, आणि एरवी दुपारी पुळणीवर विखुरलेली चार माणसं म्हणजे वायू. आपल्या गावातही अशी दोन ठिकाणं असतीलच. शोधा.

हे सगळं कशासाठी? नुसत्या मार्कांसाठी नाही. आमच्या किनाऱ्यावर खोल पाण्यातून गळाला लागलेल्या तांबोशीसारख्या माशाचं पोट कधी कधी तोंडातून बाहेर आलेलं दिसतं. पाण्यात दर 10 मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. 30 मीटरवर तो चार वातावरणं असतो. मासा झटकन वर आला की त्याच्या वाताशयातला वायू चौपट व्हायला बघतो. तीच गोष्ट माणसाच्या फुप्फुसांची. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा धंदा वाढलाय, आपली मुलं तिथे कामाला लागतात. 10 मीटरवर टाकीतल्या हवेने छाती भरून, श्वास रोखून कुणी वर आला, तर त्या हवेला दुप्पट जागा लागते. 'श्वास रोखू नका' हा तिथला पहिला नियम आहे. पाठ केलेला नियम घाबरल्यावर विसरतो, समजलेला सहसा विसरत नाही.

'पोर्शन कधी पुरा करायचा?' असं सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. दर तासाला खेळ घ्या, असं माझं म्हणणं नाहीच. एका धड्याला एकच खेळ घ्या, पण चांगला पिळून घ्या. दहा मिनिटं खेळ, वीस मिनिटं चर्चा. उलटं झालं तर दंगा तेवढा उरतो, आणि शेजारच्या वर्गाची तक्रारही.

पालकांनाही एक विनंती. मूल घरी येऊन 'आज विज्ञानाच्या तासाला खेळलो' म्हणालं तर 'शाळेत खेळायला पाठवतो का?' असं म्हणू नका. विचारा: त्या खेळात बाक म्हणजे काय होतं? टाळी म्हणजे काय? आणि तुम्ही रेणूंपेक्षा वेगळं काय केलंत? उत्तर आलं तर तास सार्थकी लागला. नाही आलं, तर ते आम्हा शिक्षकांना जरूर कळवा. आम्हालाही ते कळायला हवं.