पाठ केलेला नियम आणि फॉइलच्या दोन पट्ट्या

"सर, दूर पयतीन!" दोन समांतर तारांतून एकाच दिशेने वीज सोडली तर काय होईल, असं विचारलं की वर्गातून हेच उत्तर येतं. चूक पोरांची नाही. 'सजातीय ध्रुव दूर ढकलतात' हे आपणच घोटून घेतलेलं असतं. खरं तर त्या तारा जवळ येतात, कारण मधल्या जागेत त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांविरुद्ध असतात. वीज उलट दिशांनी वाहिली तर दूर जातात. फ्रान्सच्या अँपिअरने हे १८२० मध्येच दाखवलं.

माझं म्हणणं, ही गोष्ट बारावीच्या सूत्रापर्यंत थांबवू नका. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या दोन बारीक पट्ट्या थोड्या सैल, अर्ध्या सेंटीमीटरवर समांतर लावा. वरची टोकं एकत्र, खालची एकत्र. टॉर्चच्या मोठ्या सेलला क्षणभरच टेकवा. पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. (जास्त धरलं तर सेल तापतो. आणि घरच्या प्लगवर हे कधीच नाही, पालकांनो, बजावून सांगा.)

ओढ तशी किरकोळच. एक मीटर अंतरावरच्या दोन तारांत एकेक अँपिअर असेल, तर दर मीटरला ०.००००००२ न्यूटन. २०१९ पर्यंत अँपिअरची व्याख्याच यावर होती. पण अकोल्याकडच्या शिवारातले ४०० केव्हीचे टॉवर बघा. एकाच फेजच्या तारा शेजारी-शेजारी, मधे ठरावीक अंतरावर स्पेसर. वारा आणि शॉर्ट सर्किटच्या वेळी वाढणारी हीच ओढ, दोन्हींत ते तारांना एकमेकींवर आदळू देत नाहीत. काही पोरं त्याच तारांखालून शाळेत येतात, अन् आपण त्यांना फळ्यावरचा उजव्या हाताचा नियम उतरवायला लावतो.