पुतिनचं युद्ध आणि अकोटचा कापूस

युद्धावर लिहायचं म्हटलं की आमच्यासारखे आयटीवाले लगेच नकाशा उघडून बसतात. कुठली ब्रिगेड कुठं, कुठला ड्रोन किती किलोमीटर जातो वगैरे. मी त्यातला जाणकार नाही आणि तसा आवही आणणार नाही. मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे, आणि तो चक्क वऱ्हाडातला आहे. एक हुकूमशहा शेजारच्या देशात रणगाडे घुसवतो. अशा वेळी आपल्यासारख्या लोकशाही देशानं काय करायचं? आणि जे काही केलं (किंवा केलं नाही) त्याचे पैसे कोणी भरायचे? पहिल्या प्रश्नावर टीव्हीवर २०२२ पासून भांडणं चालू आहेत. दुसऱ्यावर कोणी बोलत नाही. माझं म्हणणं असं, की दुसऱ्याचं उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचं देताच येत नाही.

आधी साखळी सांगतो. आमच्या धंद्यात बग आला की लॉग उघडून मागं मागं जायचं असतं, तसंच.

२०२५ च्या दिवाळीच्या आसपास अकोट, दर्यापूर, धामणगाव, कुठल्याही यार्डात विचारलं तरी खाजगी व्यापारी हमीभावाच्या खालीच कापूस मागत होता. लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. भाव पडायला कारणं बरीच. जगभरात रुई मंदीत होती, सप्टेंबरच्या पावसानं बोंडं भिजली होती, ओलावा जास्त होता. पण एक कारण थेट दिल्लीतून आलं होतं. १८ ऑगस्टला सरकारनं अधिसूचना काढली आणि १९ तारखेपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग दहाच दिवसांत मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आता वऱ्हाडातल्या माणसाला कॅलेंडर सांगायला नको. सीतादही होऊन पहिली वेचणी निघते, तिथपासून ते लग्नसराईची देणी भागवायला माल विकावाच लागतो, तिथपर्यंतचे नेमके महिने हे.

शुल्क का उठलं? कापड आणि तयार कपडे निर्यात करणारे अडचणीत आले म्हणून. ते का अडचणीत आले? तर २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं भारतीय मालावर एकूण ५० टक्के कर लावला. त्यातले २५ टक्के कशाबद्दल? तर आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. आपण ते का घेत होतो? स्वस्त मिळत होतं म्हणून. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्केही नव्हतं, २०२३-२४ पर्यंत ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. आणि स्वस्त का होतं? २४ फेब्रुवारी २०२२ ला पुतिननं युक्रेनवर हल्ला केला आणि पाश्चात्त्यांनी ते तेल घेणं सोडलं, म्हणून.

म्हणजे क्रेमलिनमध्ये सुटलेला हुकूम फिरत फिरत साडेतीन वर्षांनी अकोटच्या यार्डात पोचला.

दर्यापूरकडच्या माझ्या मामांना मी ही साखळी फोनवर समजावून सांगितली. (सीसीआयला कापूस द्यायचा तर त्या वर्षीपासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागणार होती. त्यासाठी फोन होता, मी फॅमिलीतला फुकट टेक सपोर्ट. :)) त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बापू, हे सारं समजलं मले. फक्त येवढं सांग, सस्त्या तेलाचे पैसे कोनाच्या खिशात गेले? अन् माह्या कापसातून कटले, ते काऊन?"

च्यायला, प्रश्न बरोबर होता. मग मी आकडे शोधत बसलो.

अमरावतीत पेट्रोल नेहमीच राज्यातल्या महाग ठिकाणांपैकी. मे २०२२ मध्ये केंद्रानं उत्पादन शुल्क कमी केलं, त्यानंतर पंपावरचे भाव जवळपास गोठलेलेच राहिले. मार्च २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, दोन रुपये उतरले. त्याच २०२३-२४ या वर्षात इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिघांचा मिळून नफा झाला सुमारे ८१ हजार कोटी. आदल्या वर्षी भाव रोखून धरल्यामुळं त्यांची अवस्था जेमतेम होती, हेही सांगायला हवं. स्वस्त तेलामुळं महागाई आटोक्यात राहिली या युक्तिवादातही तथ्य आहे. पण ठळक हिशोब काय, तर फायदा कंपन्या, तिजोरी आणि थोडाफार आपल्यासारखे गाडीवाले यांच्यात वाटला गेला, आणि पावती फाटली कोरडवाहू कापूसवाल्याच्या नावानं. हे कोणी ठरवलं? कुठं चर्चा झाली? त्या ऑगस्टमध्ये अधिवेशन २१ तारखेपर्यंत चालू होतं. अधिसूचना १८ ला निघाली.

इथं कोणी म्हणेल, मोठ्या धोरणात थोडं इकडंतिकडं होणारच, देशहितापुढं चार जिल्ह्यांचं काय घेऊन बसलास? त्यांच्यासाठी १९७१ काढतो.

२५ मार्च १९७१ ला याह्याखानाच्या फौजेनं ढाक्यात कत्तल सुरू केली. तीन महिन्यांपूर्वी झालेल्या निवडणुकीत अवामी लीगनं पूर्वेकडच्या १६९ पैकी १६७ जागा जिंकल्या होत्या, तो निकाल मान्य नव्हता म्हणून. सहाव्या दिवशी, ३१ मार्चला, आपल्या संसदेनं एकमतानं ठराव केला, पूर्व बंगालच्या जनतेच्या बाजूनं. कोण मारतंय आणि कोण मरतंय ते नाव घेऊन सांगितलं. फौज मात्र लगेच धाडली नाही. मधले आठ महिने जगभर फिरणं, ९ ऑगस्टचा सोव्हिएत करार, मुक्तिवाहिनीला छुपी मदत, सगळं झालं. आणि जवळपास एक कोटी निर्वासित पोसायचे होते.

त्याचे पैसे? त्यासाठी टपालावर, रेल्वेच्या तिकिटावर आणि विमानाच्या तिकिटावर कर बसला, त्याचे रीतसर कायदे झाले. नोव्हेंबर १९७१ पासून पाकिटावर नेहमीच्या तिकिटाबरोबर पाच पैशांचं 'रिफ्यूजी रिलीफ'चं जादा तिकीट चिकटवायला लागायचं. जुन्या पिढीतल्या कोणाकडं पत्रांचा गठ्ठा असेल तर बघा, सापडेल. मला ते तिकीट फार आवडतं. अकोल्याच्या वकिलानं पत्र टाकलं तरी पाच पैसे आणि मुंबईच्या शेटजींनी टाकलं तरी पाच पैसे, आणि दोघांनाही माहीत की हे कशाचे. रक्कम किरकोळ, पण भानगड नाही, लपवाछपवी नाही.

मला १९७१ चे गोडवे गायचे नाहीत. ७ डिसेंबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्य माघारीच्या ठरावावर मतदान झालं, बाजूनं १०४ आणि विरोधात फक्त ११. आपण त्या ११ मध्ये. म्हणजे सगळं जग एकीकडं आणि आपण दुसरीकडं, असा अनुभव आपल्याला आहे. अमेरिका ही मोठी लोकशाही, पण निक्सनसाहेब याह्याच्या मागं उभे होते. त्यांचाच ढाक्यातला वकील आर्चर ब्लड यानं तारेवर तार करून कत्तल कळवली, तर त्यालाच बाजूला केलं. तेव्हा 'लोकशाह्या आपोआप योग्य बाजू घेतात' असलं काही मला कोणी शिकवू नये.

आता याच मतदानातून आपल्याकडचा एक लाडका युक्तिवाद निघतो. रशियानं ७१ मध्ये व्हेटो वापरून आपल्याला वाचवलं, त्या उपकाराची फेड म्हणून आपण २०२२ मध्ये गप्प बसलो. (२ मार्च २०२२ ला आमसभेत रशियाच्या निषेधाच्या बाजूनं १४१ मतं पडली, आपण तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत होतो.) भावना मी समजू शकतो, पण ती ११ देशांची यादी एकदा वाचा हो. त्यात सोव्हिएत युनियन आहे, आणि युक्रेनसुद्धा आहे! युक्रेनला तेव्हा सोव्हिएत प्रजासत्ताक असूनही संयुक्त राष्ट्रांत वेगळी जागा होती. मत मॉस्कोच्या सांगण्यावरूनच पडलं असणार, ते सोडा. पण उपकाराचं खातं काढायचंच असेल तर ते फक्त मॉस्कोच्या नावावर कसं? पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाही होते त्या यादीत.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनाचा आहे: ज्याच्याशी व्यापार आहे त्याच्याविरुद्ध बोलून आपल्याच लोकांच्या पोटावर पाय का आणायचा? याचं उत्तर आपल्या वऱ्हाडच्याच इतिहासात आहे, आणि ते फारसं कोणाला माहीत नाही.

जुन्या कापूस बाजारात आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसाला 'उमरा' म्हणायचे. उमरावती म्हणजे आपली अमरावती, त्यावरून. हा उमरा लँकेशायरला फारसा चालायचा नाही, तो जायचा जपानला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ओसाकाच्या गिरण्या आपल्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक होत्या. १९३१ मध्ये जपाननं मांचुरिया गिळला. १९३३ मध्ये इंग्रज सरकारनं लँकेशायरला वाचवायला जपानी कापडावर ७५ टक्के कर लावला, तर जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावरच बहिष्कार टाकला. कोणाचं नाक दाबलं आणि कोणाचं तोंड उघडलं बघा! पुढं जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जपाननं वर्षाला १० लाख गाठी कापूस घ्यायचा, त्या बदल्यात ३२.५ कोटी यार्ड कापड इथं विकायचं. १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी यार्ड.

म्हणजे जपान बिथरला तर पहिला मरणार उमरा पिकवणारा, हे ताजं ताजं कळलेलं होतं. तरीही १९३७ च्या जुलैत जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं, तेव्हा ऑक्टोबरमध्ये काँग्रेस महासमितीनं कलकत्त्याला जपानचा नाव घेऊन निषेध केला आणि जपानी माल वापरू नका म्हणून सांगितलं. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यातले सोलापूरचे डॉ. कोटणीस सगळ्यांना माहीत असतात. नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकात होते, हे आम्हा विदर्भवाल्यांनाही शाळेत कोणी सांगितलं नाही. देश गुलाम, परराष्ट्र धोरण गोऱ्यांच्या हातात, कापसाचं गिऱ्हाईक नेमकं आक्रमक देशात. तरी तोंड बंद नव्हतं. कापूस जपानला जातच राहिला, हेही खरं. पण व्यापार चालू आहे म्हणून जीभ गहाण पडत नाही, एवढं त्यातून दिसतं.

म्हणून २०२२ नंतर तेल घेतलं यावर माझा आक्षेप नाही. युरोपसुद्धा हल्ल्यानंतर कित्येक महिने रशियन गॅस जाळत होता आणि आपल्याला उपदेश करत होता. आक्षेप दोन गोष्टींवर. एक, समरकंदला सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी पुतिनला समोरासमोर 'हा युद्धाचा काळ नाही' असं सुनावलं, ते चांगलंच केलं, पण युद्ध पावसासारखं आपोआप पडत नाही. ते सुरू करणारा कोण, हे कर्त्यासकट वाक्य आपण आमसभेत म्हणायला हवं होतं. आपल्याला शेजारी कसे लाभलेत ते माहीत आहे. १९६२ झालंय, २०२० मध्ये गलवान झालंय. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर इतर देशांनी 'दोन्ही बाजूंनी संयम पाळावा' एवढंच म्हणून तेल-गव्हाचे भाव विचारत बसावं, हे आपल्याला चालेल का?

आणि दुसरी गोष्ट म्हणजे मामांचा प्रश्न. शुल्क उठवायचंय? उठवा. तिरुप्पूर आणि इचलकरंजीतल्या कामगारांची पोटंही खरीच आहेत. पण त्याच अधिसूचनेबरोबर, त्याच दिवशी, त्या चार-साडेचार महिन्यांत विकल्या जाणाऱ्या कापसासाठी भावांतर जाहीर करा, आणि त्याचे पैसे तेलाच्या फायद्यातून केंद्रानं द्यावेत. अशक्य वगैरे काही नाही. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी राज्य सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, दिलेच होते. फक्त ते खात्यात पडायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. तोवर सावकाराचं व्याज थांबत नाही.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "तू म्हणतोस तसं सगळं केलं असतं, तर पुतिन थांबला असता का?" नसता थांबला. याह्याखान तरी आपल्या ठरावानं कुठं थांबला? पण ३१ मार्चचा ठराव आणि ते पाच पैशांचं तिकीट यामुळं, डिसेंबरात लढाईला तोंड फुटलं तेव्हा आपण कशासाठी लढतोय हे अकोल्याच्या पोस्टमनलासुद्धा माहीत होतं. २०२५ च्या हंगामात आपला भाव कशापायी पडला, हे अकोटच्या यार्डात गाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगितलं नव्हतं. अमरावती, अकोला, बुलडाणा आणि यवतमाळ-वाशीम मिळून आपले चार खासदार दिल्लीत असतात. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात किती गाठी बिनशुल्क आल्या आणि त्यापायी इथल्या भावात किती फरक पडला, एवढा एक प्रश्न मी माझ्या खासदारांना ईमेल करून लेखी विचारायला सांगितलाय. तुमचं मत त्या चारांपैकी कुठं नोंदलेलं असेल, तर तुम्हीही पाठवा.