पीडिताला वाट कोण दाखवणार?

बंगळूरुत गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी यंत्रणाच नाहीत, असे मी म्हणणार नाही. स्त्रियांसाठी ‘वनिता सहायवाणी’ आहे, सखी केंद्र आहे. राज्य विधी सेवा प्राधिकरणही याच शहरात. कर्नाटकाची पीडित भरपाई योजना तर 2011 ची. अडते ते एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत पोहोचताना.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 396 पाहावे. आरोपीचा माग लागला नाही, तरी पीडिताला विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. तातडीचे मोफत उपचार मात्र ठाणेप्रमुखाच्या वा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर अवलंबून. (बलात्कार व ॲसिडहल्ल्याच्या पीडितांना कलम 397 चे वेगळे संरक्षण आहे.) थोडक्यात, पहिली किल्ली बहुधा पोलीस ठाण्यातच असते. तरीही फिर्याद नोंदवणाऱ्याने हे हक्क पीडिताला सांगितलेच पाहिजेत, असे सर्वसाधारण बंधन संहितेने घातलेले नाही.

बालकांबाबत ते आहे. 2020 च्या पॉक्सो नियमांनुसार पोलिसांना मदतसेवांची आणि भरपाईची माहिती द्यावीच लागते. तिचा नमुनाही ठरलेला आहे. मग परराज्यातून आलेल्या, कन्नड वाचता न येणाऱ्या प्रौढ मजुराची बोळवण एफआयआरच्या मोफत प्रतीवर का व्हावी? माझ्या मते त्या प्रतीला त्याच्या भाषेतले एक पान जोडावे: विधी सेवेचा 15100 हा क्रमांक, जिल्हा प्राधिकरणाचा पत्ता, अर्जाची रीत. एवढ्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्याच्या गृह खात्याचे एक परिपत्रक पुरेल.