भरीव लाकडाचा आवाज

पैसे वाचवायचे म्हणून कुणी इलेक्ट्रिक गिटार घरी बनवायला निघालं असेल, तर त्यानं त्या फंदात पडू नये. शिकाऊ माणसाला पुरेल अशी गिटार दुकानात दहा-बारा हजारांत मिळते. लाकूड, खुंट्या, ब्रिज, पिकअप असं सगळं सुटं घेत गेलं की तेवढे सहज जातात, वर हत्यारांचा खर्च वेगळा. तरी मी ती बनवली, आणि हाताशी वेळ असेल त्याला बनवून बघ असंच सांगेन.

लाकडासाठी गेलो तेव्हा वखारीशेजारच्या सुतारमामांनी माझं कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "अहो, हा तर नुसता ठोकळा. आत पोकळ काहीच नाही, मग वाजणार कुठून?"

प्रश्न रास्त होता. तंबोऱ्याला भोपळा लागतो, साध्या गिटारीला पोकळ पेटी लागते. इलेक्ट्रिक गिटारीत ते काम पिकअप करतो. चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत क्षीण वीज उमटते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. मामांना एवढं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे लाकडाचं काम तार ताणून धरायचं." इतकी नेमकी व्याख्या मी कुठे वाचली नव्हती.

नवख्याला ही गिटार जमू शकते ती यामुळेच. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. त्यानं 1950 मध्ये जी गिटार बाजारात आणली आणि पुढे जी टेलिकास्टर म्हणून गाजली, ती म्हणजे पावणेदोन इंच जाडीची फळी आणि तिला चार स्क्रूंनी आवळलेली नेक, म्हणजे मान. नेक बिघडली तर काढा, दुसरी लावा. पोकळ गिटारीच्या पातळ बाजू वाकवायच्या आणि आतल्या पट्ट्या चिकटवायच्या, हे वर्षानुवर्षांच्या हातांचं काम. फेंडरची फळी घरच्या ओट्यावर होऊ शकते.

लाकडाचा बाऊ करू नये. साग चालतो, फक्त तो जड आणि तेलकट. जोड चिकटवण्याआधी थिनरनं पुसावा लागतो. सतारीला वापरतात ते तुणीचं लाकूड हलकं पडतं. आकार थोडा वाकडा झाला, कड जास्त घासली गेली, पॉलिश डागाळलं, तरी सुरांचं काही बिघडत नाही.

माफी नसते ती पडद्यांना. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सूर हलला तर पडदा सरकवता येतो. गिटारीचे पडदे खाचेत ठोकून बसवायचे, एकदा बसले की बसले. जागा ठरते ती साध्या भागाकारानं. फेंडरच्या मापात तारेची वाजती लांबी 648 मिलिमीटर. तिला 17.817 नं भागलं की 36.4 येतात, खुंट्यांकडच्या टोकापासून तेवढ्यावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं, दुसरा पडदा त्याच्यापुढे 34.3 वर. असं करत गेलं की बारावा बरोबर निम्म्यावर, 324 वर येतो. बाराव्यापासून ब्रिजपर्यंत, म्हणजे घोडीपर्यंतही तेवढंच अंतर हवं. ब्रिज चुकीच्या जागी बसला तर मोकळी तार सुरात आणि दाबलेली बेसूर, आणि मग कितीही खुंट्या पिळल्या तरी उपयोग नाही.

तेवढंच जिवावरचं काम नेकच्या खाचेचं. खोली सुमारे 16 मिलिमीटर, तळ सपाट, बाजू इतक्या घट्ट की स्क्रू न लावता गिटार नेकला धरून उचलली तरी बॉडी लोंबत राहावी. राउटरनं मोठा भाग काढायचा आणि शेवटची कड पटाशीनं खरवडायची. मामांनी पटाशी परजून दिली आणि एकच गोष्ट बजावली: "घाई झाली की हात धुवा, चहा घ्या, मग या."

तारा चढल्यावर पडद्यांची पातळी कळते. एखादा पडदा केसभर उंच राहिला की तार त्याला घासून झणझणते. मिरजेचे कारागीर घोडी घासून तंबोऱ्यात हीच झणझण मुद्दाम आणतात, तिला आपण जवारी म्हणतो आणि तिच्यावर जीव टाकतो. गिटारीत ती दोष. मग पडद्यांच्या माथ्यावर काळी शाई फिरवायची, सपाट कानस चालवायची आणि शाई कुठे पुसली जाते ते पाहायचं. पुसली ती जागा उंच.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. पिकअप, आवाजाचं आणि टोनचं बटण, एक कपॅसिटर आणि जॅक. पुण्यात पासोड्या विठोबापाशी नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सुटे भाग मिळतात. एक वायर मात्र विसरू नये, ब्रिजखालून अर्थला जाणारी. ती जोडलेली असली की तारांना हात लागताच घुंईं आवाज बराच कमी होतो.

घरी गिटार बनवण्याची गाजलेली गोष्ट क्वीन या रॉक बँडच्या ब्रायन मेची. त्यानं 1963 मध्ये, सोळाव्या वर्षी, वडिलांबरोबर स्वतःची गिटार बनवायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, किडीची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली. खुणेचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. तीच गिटार घेऊन तो 2002 मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभा राहिला. ही गोष्ट सांगताना लोक एक तपशील गाळतात: त्यानं पिकअपही घरीच गुंडाळले होते, तार ओढल्यावर ते विचित्र वाजायचे, म्हणून त्यानं ते काढून दुकानातले तीन आणून बसवले.

नवख्यानं धडा घ्यावा तो इथे. पहिल्या गिटारीला पिकअप आणि पडदे ठोकलेली नेक विकत आणावी, बॉडी, खाच, ब्रिज आणि वायरिंग स्वतः करावं. नेकला दुसऱ्या खेपेला हात घालावा. आणि करवत उचलण्याआधी पोलादी पट्टी घ्यावी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली. कापडी टेपच्या भरवशावर गिटार होत नाही.