भस्मासुराचा निबंध

११ जुलैचा जागतिक लोकसंख्या दिन आला की शाळाशाळांतून लोकसंख्येचा भस्मासुर बाहेर काढला जातो. फलकावर पृथ्वीचा गोळा, त्याला लोकलच्या दाराला लटकावे तशी लटकलेली माणसे, खाली ‘लहान कुटुंब, सुखी कुटुंब’. चौथीतले पोर लिहिते, ‘लोकसंख्यावाढ हे सर्व समस्यांचे मूळ आहे.’ बाई ‘छान’ असा शेरा देतात. त्याच वर्गात एखाद्या घरची चौथी मुलगीही बसलेली असते. तिने यातून काय समजायचे? आपण जास्तीच्या आहोत?

१९८७च्या जुलैत जग ५०० कोटींवर गेले, म्हणून हा दिवस. २०२२च्या नोव्हेंबरात ८०० कोटी झाले. आकडा छाती दडपवणारा आहेच. पण बायका एकाएकी जास्त बाळंत होऊ लागल्या, असे काही घडले नव्हते. जन्मलेली मुले मरायची कमी झाली. देवीची लस आली, पाणी स्वच्छ झाले, औषधे आली. १९११ ते १९२१ या दशकात आपल्या देशाची लोकसंख्या किंचित घटली होती. प्लेग होताच, त्यात १९१८ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आली. तेव्हा घटली म्हणून कुणी पेढे वाटल्याचे ऐकिवात नाही!

निबंध मात्र अजून आणीबाणीच्या भिंतींवरच्या घोषणांत अडकला आहे. साठच्या दशकात जगाची लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांनी वाढत होती, आता एका टक्क्याहूनही कमी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले निघाली. म्हणजे आईबापांची जागा भरून निघण्याइतकीही नाहीत. हे त्या फलकावर कुठे दिसत नाही.

त्यापेक्षा पोरांना घरचा अभ्यास द्यावा. आजीला विचारून या : तुम्ही भावंडे किती, त्यातली जगली किती, गेली ती कशाने गेली? तुझे लग्न कितव्या वर्षी झाले, शाळा कितवीपर्यंत? मग हेच प्रश्न आईला. उत्तरे फळ्यावर दोन रकान्यांत मांडली, की मुली शिकल्या, लग्ने लांबली आणि पाळणे कमी हलले, हे नऊ वर्षांच्या पोरालाही दिसते. सरासरी काढायचा सरावही त्यातच होतो. या ८०० कोटींपैकी कोण किती वीज जाळतो आणि किती पाणी उपसतो, हा प्रश्न सातवीसाठी राखून ठेवावा. तो मोठ्यांनाही जड जातो.